साडेसहाशे लिटरचा प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ३४. नऊ वर्षं एका ठेकेदाराकडे खिडक्यांच्या काचा पुसण्याचं काम करतो. बादली, वायपर, शिडी यांवर हात बसलेला आहे. आता स्वतःचं काम सुरू करायचं आहे. याच व्यवसायातून निवृत्त होणारे एक गृहस्थ आपली पिकअप विकत आहेत. हौद्यात ६५० लिटरची टाकी, पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रणा, पंप, नळीची दोन रिळं, लांब पोल, सगळं बसवलेलं. ‘चावी फिरवा आणि कामाला लागा,’ असं ते म्हणतात, आणि सोबत चाळीस गिऱ्हाइकांची यादीही देणार आहेत. गाडी सात वर्षांची, पण चाललेली कमी. किंमत माझ्या जवळजवळ सगळ्या शिलकीएवढी. दुसरा घेणारा तयार आहे, म्हणून आठ दिवसांत होय-नाही सांगायचं आहे. पत्नीचा विरोध आहे. ती एकच विचारते, ‘रोज साडेसहाशे लिटर पाण्याचं करायचं काय?’ तिला कसं पटवू?

---

तुमच्या मूळ पत्रात ‘पटवणं’ तीनदा आलं आहे आणि ‘वजन’ एकदाही नाही. म्हणून तुमचा प्रश्न जरा बाजूला ठेवते आणि आधी तुमच्या पत्नीचा घेते. तुम्हाला तो अडवणुकीचा वाटला असेल. मला तो अख्ख्या व्यवहारातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटला.

हिशोब करून बघू. पोलच्या टोकाच्या ब्रशमधून मिनिटाला साधारण दोन लिटर पाणी जातं. पंप थोडा कमी-जास्त ठेवला तर आकडा बदलेल, पण कच्च्या हिशोबाला दोन धरा. तासाला १२० लिटर झाले. आठ तासांच्या दिवसात ब्रश काचेवर आठ तास नसतो. प्रवास असतो, नळी ओढणं-गुंडाळणं असतं, गिऱ्हाइकाशी बोलणं असतं. प्रत्यक्ष पाणी वाहतं ते तीन तास, फार तर साडेतीन. म्हणजे एकट्या माणसाला दिवसाला ३६० ते ४२० लिटर. मग त्या गृहस्थांनी ६५० लिटरची टाकी का बसवली? उत्तर तुमच्याच पत्रात आहे : रिळं दोन आहेत. दोन रिळं म्हणजे एकाच वेळी काम करणारी दोन माणसं. ती गाडी दोघांच्या धंद्याच्या मापाने शिवलेली आहे. तुम्ही एकटे आहात, निदान पहिलं वर्षभर तरी.

माणूस सामानासकट वस्तू घेतो तेव्हा हे असं होतं. मी एकदा फर्निचरसकट जागा घेतली होती. कपाटं इतकी सुबक, की त्यांच्यामागच्या भिंतीची ओल पहिल्या पावसाळ्यापर्यंत दिसली नाही. कपाटांचा काही दोष नव्हता. ती दुसऱ्याच्या संसाराची होती आणि मी त्यांच्याकडे बघून जागा घेतली होती.

आता त्याहून मुळातलं विचारते. तुमचं काम नक्की कोणतं असणार आहे? शुद्ध पाण्याची पद्धत तुम्ही बघितली आहेच. पाण्यात विरघळलेले क्षार काढून टाकले की ते पाणी काचेवर नुसतं वाळू दिलं तरी डाग पडत नाही, म्हणून वायपर मारावा लागत नाही, आणि जमिनीवर उभं राहून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची काच धुता येते. शिडी टळते, हा तिचा खरा फायदा. पण दुकानांच्या तळमजल्यावरच्या मोठ्या काचा? तिथे तुमच्या हातातला वायपर आजही जास्त लवकर आटपतो. आज आपण वापरतो तो हलका, रबरी पट्टीचा वायपर १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एत्तोरे स्टेकोने या इटालियन स्थलांतरिताने घडवला. तोही खिडक्या पुसणाराच. इतक्या वर्षांत त्या पट्टीला सपाट काचेवर फारसा तोड निघालेला नाही. खिडकीची आतली बाजू तर बादली-वायपरनेच होणार. तेव्हा तुमची ठरलेली किंवा ठरू शकणारी कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा : तळमजला, वरचे मजले, आतून. वरच्या मजल्यांच्या खुणा निम्म्याहून कमी निघाल्या, तर अजून टाकीवाल्या गाडीची वेळ आली नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही. रात्री गाडी उभी कुठे राहणार? आरओ यंत्रणा टाकी भरायला तासन्‌तास घेते, म्हणून या धंद्यातली मंडळी गाडी रात्रभर नळाला जोडून ठेवतात. तुमच्या जागेजवळ नळ हवा, त्याला दाब हवा आणि वाया जाणाऱ्या पाण्याला वाट हवी. आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे एखाद-दोन लिटर पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडतं, थकलेल्या यंत्रणेत त्याहून जास्त. थंडीत पाणी गार असलं की मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओतल्या क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, ते आणखी सावकाश येतं. गाडी सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेला लावत असाल आणि नळ तिसऱ्या मजल्यावर घरात असेल, तर ‘चावी फिरवा आणि कामाला लागा’ हे वाक्य तिथेच संपलं.

आता वजन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही पत्रं येतात तेव्हा सगळे इंजिनाबद्दल विचारतात आणि याबद्दल कोणीच नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी भरली की ६५० किलो. टाकीचं स्वतःचं वजन, लोखंडी चौकट, पंप, बॅटरी, फिल्टर, रिळं मिळून शंभराच्या आसपास धरा. तुम्ही आणि उद्या आलाच तर मदतनीस, १५० किलो. पोल, शिडी, बादल्या, हत्यारं ४०. बेरीज ९४० किलो. काही पिकअप टनभर सहज वाहतात, काहींची मर्यादा सातशे-आठशेतच संपते, आणि बाहेरून बघून कोणती कशी हे कळत नाही. गाडीच्या कागदांवर किंवा दारातल्या पट्टीवर एकूण परवानगीचं वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की वहनक्षमता मिळते. पण कागदावरचं रिकामं वजन हे चौकट, रिळं वगैरे बसवण्याआधीचं असण्याची शक्यता मोठी. म्हणून एकच करा : टाकी काठोकाठ भरायला लावा, दोघं गाडीत बसा आणि वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. टाकी मागच्या आसाच्याही मागे बसवली असेल तर एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस मर्यादेबाहेर गेलेला सापडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. त्याचा परिणाम स्टिअरिंगवर आणि ब्रेकवर होतो. वजन जास्त निघालं तर प्रश्न फक्त दंडाचा राहत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

तुम्ही म्हणाल, मग टाकी अर्धीच भरेन. हे तर पूर्ण भरण्याहून वाईट ठरू शकतं. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं, ब्रेक दाबला की पुढे आदळतं. टाकीच्या आत आडभिंती असतील तर त्या हा धक्का मोडतात. झाकण उघडून टॉर्च मारा आणि आडभिंती आहेत की नाही ते डोळ्यांनी बघा. ट्रायल घेताना विकणारा रिकामी गाडी देईल, ती कोणाचीही छानच चालते. तुम्ही अर्धी टाकी भरून मागा, आणि मोकळ्या रस्त्यावर दोनदा जोरात ब्रेक मारा.

मग टाकी कशाने धरली आहे ते बघा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाची गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे जाऊ बघते. साडेसहाशे किलो पाण्यासाठी तो जोर नऊ टनांच्या घरात जातो, आणि पुढे तुमची पाठ आहे. सामान बांधायच्या पट्ट्यांवर ही टाकी टिकत नाही. पोलादी चौकट हवी आणि ती हौद्याच्या पातळ पत्र्याला नाही, खाली चासीला बोल्टने जोडलेली हवी. गाडीखाली झोपून हे बघायचं. बोल्ट ज्या भोकांतून गेले तिथला गंज त्याच वेळी दिसेल. वर्षानुवर्षं नळीच्या जोडांतून थेंब-थेंब गळतं आणि हौद्याच्या चटईखाली ओल राहते. हौदा वरून चकचकीत रंगवलेला असेल तर मी चटई उचलल्याशिवाय हलणार नाही.

गाडी ‘कमी चाललेली’ आहे यावर तुम्ही फार भिस्त ठेवली आहे असं वाटतं. किलोमीटर कमी असतील, पण ते कसे झाले? दर दोन गल्ल्यांनी थांबत, सतत भरलेल्या टाकीसह. अशा गाडीचा क्लच, ब्रेक आणि मागचे स्प्रिंगचे पाटे आकड्यापेक्षा बरेच म्हातारे असतात. डिझेल असेल आणि धुराच्या वाटेत काजळी गाळणारा फिल्टर असेल, तर तो लहान-लहान फेऱ्यांनी चोंदतो. सपाट जमिनीवर रिकामी गाडी मागून बघा, बूड बसल्यासारखं वाटलं तर पाटे थकले. बाकी इंजिन वगैरे तुमच्या ओळखीचा मेकॅनिक बघेल. मेकॅनिक तुमचा न्या, त्यांचा नको. कागदांमध्ये दोनच गोष्टी सांगते : गाडीवर कर्जाचा बोजा नाही ना, आणि हौद्यातला बदल नोंदणीत व विम्यात दाखवलेला आहे ना.

आता पाणी. यातली एक युक्ती सांगते, ती याच कामातल्या एका जुन्या माणसाने मला समजावली होती. टीडीएस मीटर स्वतःचा घेऊन जा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं अगदी साधं पेनाएवढं यंत्र असतं. विकणारा ब्रशमधून येणाऱ्या पाण्यात मीटर बुडवून ‘शून्य’ दाखवेल. त्या शून्याने हरखून जाऊ नका. पाणी आधी आरओ मेम्ब्रेनमधून जातं आणि उरलेसुरले क्षार पुढे रेझिनच्या नळकांड्यात काढले जातात. नवीन रेझिन भरलं की मेम्ब्रेन मेलेलं असलं तरी शेवटी शून्यच दिसतं. फक्त ते रेझिन मग महिनोन्‌महिने टिकण्याऐवजी आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं आणि तो खर्च तुमच्या माथी येतो. म्हणून तीन ठिकाणी मोजा : नळाचं पाणी, मेम्ब्रेन आणि रेझिन यांच्या मधलं, आणि शेवटचं. नळाला ३०० असेल आणि मधे १५ असेल, तर मेम्ब्रेन ९५ टक्के क्षार काढतंय, उत्तम. मधे ६० आलं तर ते ८० टक्क्यांवर आलं आहे. ते बदलायचंच आहे असं समजून किंमत बोला. शेवटचा आकडा दहाच्या आत असला तर काचेवर सहसा डाग राहत नाहीत. आणि हे मोजमाप शक्यतो तुमच्याकडच्या नळाच्या पाण्यावर करा, कारण त्यांच्याकडचं पाणी मुळातच कमी क्षारांचं असेल तर सगळी यंत्रणा उगाच गुणी दिसते.

मेम्ब्रेनआधीचा कार्बन फिल्टर शेवटचा कधी बदलला हेही विचारा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, तो फिल्टर त्याचा पहारेकरी असतो. गाडी काही महिने उभीच होती का, हे तर आवर्जून विचारा. वाळलेलं किंवा थंडीत गोठलेलं मेम्ब्रेन बहुतेक वेळा कामातून जातं. शिवाय क्लोरीन काढून टाकल्यावर टाकीतल्या पाण्याला जंतूंपासून काही संरक्षण उरत नाही. कोमट साचलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला जिवाणू वाढतात, आणि ब्रशमधून उडणारे बारीक तुषार तुम्ही श्वासाबरोबर आत घेता. आतून शेवाळलेली, वास येणारी टाकी दिसली तर आधी निर्जंतुक करून घेतल्याशिवाय नळी हातात धरू नका.

पंप अर्धा तास सलग चालवून बघा. त्याची बॅटरी रात्रभर नुसती ठेवून सकाळी १२.७ व्होल्टच्या आसपास हवी. बारावर आलेली असेल तर ती अर्ध्याहून जास्त उतरली आहे, आणि शिशाची साधी बॅटरी रोज अशी उतरवली की लवकर मरते. पोल कार्बन फायबरचे असतील तर एवढंच लक्षात असू द्या, की कार्बनमधून वीज जाते आणि ओला पोल कोणताही असला तरी भरवशाचा नाही. डोक्यावर तारा असतील तिथे पोल उभा करायचा नाही, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

किमतीबद्दल. ‘सगळं मिळून इतके’ हा आकडा तुम्ही मनातून पुसून टाका. कागदाच्या एका बाजूला लिहा : हौदा रिकामा असता तर या गाडीला मी किती दिले असते? भोकं पाडलेला हौदा आहे, तेवढं कमी करा. दुसऱ्या बाजूला : माझ्याकडे गाडी असती तर ही सात वर्षं वापरलेली टाकी, पंप, रिळं मी कितीला घेतली असती? नळ्या, पंप, बॅटरी, मेम्ब्रेन हा सगळा झिजणारा माल आहे, त्याला नव्याच्या जवळपास भाव देऊ नका. या दोन आकड्यांची बेरीज ही तुमची किंमत. माझा अंदाज आहे की ती त्यांच्या आकड्यापेक्षा बरीच खाली येईल. कारण मधला फरक ‘तयार आहे’ या शब्दाचा आहे, आणि आपण वर पाहिलं की ती तुमच्यासाठी तशी तयार नाही.

चाळीस गिऱ्हाइकांची यादी ही यादी आहे, गिऱ्हाइकं नव्हेत. त्या लोकांनी त्या गृहस्थांना आपल्या दाराशी येऊ दिलं, तुम्हाला नाही. यादीला वेगळी किंमत द्यायचीच असेल तर अशी द्या : त्यांनी एक पूर्ण फेरी तुमच्याबरोबर करावी, प्रत्येक घरी ओळख करून द्यावी, आणि यादीचे पैसे दोन-तीन महिन्यांनी, जितकी गिऱ्हाइकं टिकली तितक्यांचे. खरोखर निवृत्त होणारा माणूस याला सहसा हरकत घेत नाही. त्यांनी टाळाटाळ केली तर यादी मोफत मिळाली तरी तिच्यावर विसंबू नका.

दुसऱ्या वाटा आहेत, आणि तुम्ही त्यांना ‘छोट्या’ म्हणून बाजूला टाकलंय असं पत्रावरून वाटतं. चाकांची ट्रॉली मिळते. तिच्यात पंचवीस लिटरचा डबा, लहान पंप आणि बॅटरी असते. शुद्ध पाणी घरी तयार करून डब्यांत भरायचं आणि असलेल्या कुठल्याही गाडीतून न्यायचं. आठ डबे म्हणजे दोनशे लिटर. अर्ध्या दिवसाचं काम होतं. डबे उचलून पाठ दुखते हे खरं, आणि वर्षभर केलं तर कंटाळा येईल हेही खरं. पण सहा महिन्यांत तुम्हाला दिवसाला नक्की किती पाणी लागतं, वरच्या मजल्यांची कामं किती येतात, हे स्वतःच्या वहीतून कळेल. दुसरी वाट : साधी, काही न बसवलेली जुनी पिकअप किंवा बंद व्हॅन घ्या आणि तिच्यात ३५०-४०० लिटरची टाकी बसवून घ्या. एकूण खर्च कदाचित तेवढाच येईल, पण माप तुमचं असेल आणि उद्या धंदा बदलला तर साधी गाडी विकणंही सोपं.

मग ही पिकअप घ्यायचीच नाही का? तसं मी म्हणत नाही. वजनकाट्यावर ती मर्यादेत बसली, चौकट चासीला आहे, मेम्ब्रेन ९० टक्क्यांच्या वर आहे, रात्री उभी करायला नळाजवळची जागा आहे आणि भाव तुमच्या कागदावरच्या बेरजेपर्यंत आला, तर घ्या. वजन जरा जास्त निघालं पण बाकी सगळं खणखणीत असेल, तर टाकी बदलून लहान बसवण्याचा खर्च त्यांच्या किमतीतून वळता करा. मात्र घेतल्यावर हाताशी तीन महिन्यांचा घरखर्च उरत नसेल, तर वरचं सगळं जुळूनही मी थांबेन. नव्या धंद्यात पहिली उधारी वसूल व्हायलाच तितका वेळ जातो.

आठ दिवसांच्या मुदतीचं मला फारसं दडपण वाटत नाही. दुसरा घेणारा असेलही. पण टाकी बसवलेली पिकअप ही चार जणांना लागणारी वस्तू नाही, तिला घेणारे मोजकेच असतात, आणि हे विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ‘वजनकाट्यावर नेऊ द्या, मग त्याच दिवशी सांगतो,’ एवढं बोलून बघा. त्यावर ते काय म्हणतात, त्यातून बरंच कळेल.

बघायला जाल तेव्हा पत्नीला बरोबर न्या, पटवायला नाही. मीटर आणि वही त्यांच्या हातात द्या. तुम्ही पोल हाताळण्यात गुंगाल तेव्हा मधल्या नळीचा आकडा त्या लिहून घेतील. आणि त्या साडेसहाशे लिटरचं काय करायचं, ते विकणाऱ्यालाच विचारतील.